दोन काळे ठिपके

ताईने काचेच्या सुईत प्रथिन भरलं. तिने कोपर टेबलाला टेकवलं, श्वास रोखला आणि माशाच्या इवल्याशा अंड्यात सुई टोचली. शेजारी बर्फात कुपी रोवलेली होती. आतलं प्रथिन एकदा वितळलं की परत गोठवून चालत नसे, त्यामुळे पाठ कितीही भरून आली तरी कुपी संपेपर्यंत उठायची सोय नव्हती.

"येऊ का गं?"

दारात धाकटी बहीण उभी होती. या प्रयोगशाळेत ती पहिल्यांदाच येत होती, तीही न कळवता.

"ये. बस तिथे. कशाला हात तेवढा लावू नकोस."

डॉक्टरांकडे नंबर लावून बसावं तशी धाकटी पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. धाकटीचं पहिलं बाळ जन्मलं आणि घटकाभरात गेलं. त्याचं डोकं नीट घडलंच नव्हतं. त्यानंतर ताईने हातातला चांगला चाललेला विषय सोडून हा धरला होता. असं का झालं, हे धाकटीने कधी तोंडाने विचारलं नव्हतं. आज विचारणार, असं ताईला वाटलं. तिने पुढचं अंडं सुईखाली घेतलं.

"हे काय असतं?" धाकटीने कुपीकडे बोट दाखवलं.

"प्रथिन. माणसाच्या शरीरातलंच, पण जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. गर्भात 'इथे धड कर, इथे शेपटी कर' असा निरोप फिरत असतो. डोकं व्हायचं तिथे तो अडवावा लागतो. ते काम याचं."

"आणि हे नसलं तर?"

"डोकं होत नाही." ताईने मान वर केली नाही. "या माशांच्या वाणात ते जन्मतःच नाहीये. म्हणून माणसाचं टोचून बघतेय."

"माणसांना वेळेवर औषध मिळेना, आणि माशांची मात्र चंगळ."

ताई हसली, पण हसायलाही बळ लागतं, ते पुरलं नाही. धाकटीला कशात तरी गुंतवायला म्हणून तिने आधी टोचलेल्या गर्भांची बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. ती अजून तपासली नव्हती. तपासून नेहमीचंच दिसणार, म्हणून सकाळपासून तिच्या ते जिवावर आलं होतं.

धाकटीने भिंगाला डोळा लावला आणि तशीच, न वळता, बोलू लागली.

"ताई, आम्ही पुन्हा मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय. ठरवूनही बरेच दिवस झाले. रडून झालंय. आता बरे आहोत आम्ही."

सुई हवेतच राहिली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इथे मर मर मरतेस. घरी आलीस की जेवताना डुलक्या घेतेस. मी बरी झाले म्हणायची लाजच वाटायला लागली."

ताईने सुई खाली ठेवली. एकेक बोट ओढत तिने हातमोजे काढले. कुपीभोवतीच्या बर्फाचं पाणी व्हायला लागलं होतं.

"यांना डोळे असतात का गं?" धाकटीने विचारलं.

"यांना नाही."

"मग हे दोन काळे ठिपके कसले?"

ताई उठली. धाकटीला हलकेच बाजूला करून तिने पाहिलं. भिंग फिरवून पुन्हा पाहिलं. बशीतले बहुतेक गर्भ बुटके, बिनडोक्याचेच होते. एकाला मात्र डोकं होतं, आणि त्यावर दोन डोळे.

"चांगलं झालं ना?"

"हो." ताईने भिंगावरून डोळा काढला नाही. "एकच आहे. पुन्हा पुन्हा करून बघावं लागेल."

"मग कुणाला तरी सांगायचं असेल ना तुला? फोन कर. मी थांबते बाहेर."

"तुलाच सांगायचं होतं," ताई म्हणाली.

धाकटीने पर्स खाली जमिनीवर ठेवली आणि स्टूल जवळ ओढलं.

"सांग मग."