बियाण्याचा बाकला

गाविनोने मूठभर बाकला, पावट्यासारखेच पण मोठे चपटे दाणे, टेबलावर पसरला आणि बोटाच्या टोकाने मोठा दाणा एकीकडे, किडका दुसरीकडे सारू लागला. रायमोंदाने पाव कापता कापता आपले हात टेबलावरून मागे घेतले. तिला सातवा महिना सरत आला होता.

"सूनबाई, चावत नाहीत ते," सासरा म्हणाला. "हा बघ, अंगठ्याएवढा. बियाण्याचा दाणा असा पाहिजे. परवा पेरतो."

रायमोंदाने नवऱ्याकडे पाहिले. एलियास बुटाची नाडी बांधत होता. नाडी मघाशीच बांधून झाली होती.

आज सांगतो, उद्या सांगतो, असे करत त्याने महिना घालवला होता. पेरणी झाल्यावर सांगण्यात अर्थ नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच वाफे सुरू होत, आणि मार्चमध्ये तिथे काळ्या डोळ्यांची पांढरी फुले येत.

"बाबा," तिने सुरी खाली ठेवली. "मुलगा आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याला बाकला कदाचित चालणार नाही. खाल्ला तर रक्त नासतं. हे माझ्याकडून येतं. माझ्या आईकडून मला, आणि माझ्याकडून त्याला. आलं तर आलं, नाही तर नाही. जन्मल्यावर तपासतील."

गाविनोचे बोट एका दाण्यावर थांबले.

"तुझ्या भावाला होतं ते?"

"हो."

"तो तापाने आजारी पडला होता, असं तू म्हणाली होतीस."

"खोटं बोलले. मिकेले चार वर्षांचा होता, मी नऊची. आई धुणं धुवायला गेली होती. तो रडत होता, म्हणून मीच शेंगा सोलून त्याला कोवळे दाणे भरवले. एकेक दाणा, तो हसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी लघवी लाल दारूसारखी झाली. नुओरोच्या इस्पितळात सात दिवस होता. वाचला. पण दिले मीच."

"नऊ वर्षांच्या पोरीला काय कळणार?" एलियास म्हणाला.

"तेव्हा कळत नव्हतं. आता कळूनही देतेच आहे ना?"

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावले होते. सार्डिनियात हे घरोघरी आहे, यात तुमचा काही अपराध नाही. मुलाने खायचे नाही आणि तो अंगावर पीत असेपर्यंत तुम्हीही खायचे नाही, एवढेच. रायमोंदाने मान डोलावली होती. अपराध नाही, हा शब्द तिने घरापर्यंत आणला आणि उंबऱ्यावर तो कुठे सांडला, ते तिलाच कळले नाही.

गाविनोने दाणे पुन्हा पिशवीत भरले, मोठे आणि किडके एकत्रच, आणि टोपी घालून बाहेर पडला. दार त्याने हळू लावले. त्याने ते आपटले असते, तर तिला बरे वाटले असते.

चार दिवस तो कामापुरतेच बोलला. खिडकीतून तो वाफे खणताना दिसे.

"पेरतायत," ती एलियासला म्हणाली. "त्यांचं तरी काय चुकलं? चाळीस वर्षांचं शेत आहे."

रविवारी दुपारी शेजारची बोनारिया मावशी न विचारता आत शिरली. तिच्यामागे गल्लीतली तीन माणसे होती. मोठे पातेले एलियासने धरले होते. त्यात बाकला, डुकराचे मांस, कोबी, रानबडीशेप होती.

"हे जेवण फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या सणाचं, आणि नोव्हेंबरातच?" रायमोंदा गोंधळली.

"म्हातारा म्हणाला, आजच," बोनारिया मावशी म्हणाली. "तू लांब बस. तुला चण्याचं सूप केलंय. आणि तोंड असं करू नकोस, मीठ बरोबर आहे त्यात."

वाढताना रायमोंदाने पातेल्यात पाहिले. दाणे अंगठ्याएवढे होते. एकही किडका नव्हता. बियाण्याचा बाकला कोणी शिजवत नाही. शिवाय काही दाणे तपकिरी होते, काही हिरवट. एका शेतातले नव्हतेच ते.

"तुमचंही बियाणं?" तिने विचारले.

"माझा वाफा तुमच्या भिंतीला लागून आहे," मावशी म्हणाली. "फुलांचा वास पोराला लागला म्हणजे? माझ्या आजीने पाहिलंय, वासाने मूल पिवळं पडलेलं."

रायमोंदाने पळी खाली ठेवली. "मावशी, वासाने काही होत नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलंय. खाल्लं तरच. उगाच सगळ्यांनी..."

"डॉक्टरणीला काय, ती तिसऱ्या मजल्यावर राहते!"

सगळे हसले. रायमोंदा हसली नाही. तिने सासऱ्याकडे पाहिले.

"बाबा, तुम्हांला तरी कळायला हवं होतं."

"कळलंय." गाविनो पाव रश्श्यात बुडवत होता. "परवा तिच्याकडे जाऊन आलो. वासाने पोराला काही होत नाही."

"मग?"

त्याने घास सावकाश चावला.

"तीन वर्षं झाली तुला येऊन. मार्च लागला की ही खिडकी बंद. मला वाटायचं, सुनेला थंडी वाजते. ती फुलं तुला बघवत नाहीत, हे कुठे ठाऊक होतं? चुलीच्या धुराने माझे डोळे चुरचुरायचे." त्याने ताट पुढे केले. "चणे पेरलेत मी. वाढ अजून."

रायमोंदाने वाढले. मग मीठ आणायच्या निमित्ताने उठली. मीठ टेबलावरच होते, पण कोणी तसे म्हणाले नाही. बराच वेळ ती पाठमोरी उभी राहिली, खिडकीच्या कडीवर हात ठेवून.