स्पीकरवरचे सोमवार

आरोग्य केंद्रातल्या स्वयंसेविका आपल्या पर्यवेक्षिका बाईंना पाठीमागे ‘कर्णा’ म्हणत. बाई फोन कानाला कधी लावत नसत. तो टेबलावर ठेवून स्पीकर चालू करत आणि समोर बसलेल्या सगळ्यांना ऐकवत. कोण उशिरा येणार, कोणाचं काय दुखतंय, कोणाचा नवरा काय म्हणाला, सगळं चव्हाट्यावर. त्याने शिस्त राहते, असं त्यांचं ठाम मत होतं.

आधीच्या सिस्टर वेगळ्या होत्या. कोणी उशिरा आली, तर लसींच्या फ्रिजमागे नेऊन हळूच विचारत, घरी सगळं ठीक ना? त्या निवृत्त झाल्या आणि कामातली गोडी गेली. मानधन तेवढंच, दारोदारची पायपीट तेवढीच, पण सोमवारच्या बैठकीला बाया आता दाढ उपटून घ्यायला निघाल्यासारख्या निघत.

थोरलीचं मन त्यातच एका सोमवारी उठलं. धाकटी जाऊही त्याच केंद्रात, म्हणून सगळ्या हिला थोरली म्हणत. त्या दिवशी पहाटे तिची लेक अंगावर वळ घेऊन सासरहून परत आली होती. थोरलीने बाईंना फोन केला. लेकीला डॉक्टरांना दाखवायचंय, आज येत नाही, पण कुणाला कळू देऊ नका, असं विनवलं. पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, तेव्हा तिला कळलं. मग बाई म्हणाल्या, “स्वतःची मुलगी नांदवता आली नाही, ही वस्ती काय सांभाळणार?”

कोणीतरी हसलं. हसणं भागच होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला तोंडपाठ झालं. लेक खिडकीसुद्धा उघडेना. थोरलीने मात्र काम सोडलं नाही. सोडलं असतं, तर बाई दर सोमवारी डोळ्यांसमोर कशा राहिल्या असत्या?

आणि एका दुपारी बाई स्वतःच तिच्या दारात आल्या. स्टुलाच्या कडेला टेकल्या आणि इतक्या खालच्या आवाजात बोलल्या, की थोरलीला पुढे वाकावं लागलं. त्यांच्या मुलाला क्षय निघाला होता. त्यांचं घर थोरलीच्या वस्तीत, म्हणजे रोजच्या गोळ्या तिच्यासमोरच घ्यायच्या. आजार लपवू नका, असं दर बैठकीत बजावणाऱ्या बाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, “कुणाला कळू देऊ नकोस.”

“सावकाश बोला बाई,” थोरली म्हणाली. “माझ्याकडे स्पीकर नाही.”

मुलाशी तिचं काही वैर नव्हतं. तिने एकही गोळी चुकू दिली नाही, भूक लागते का विचारलं, त्याचं वजन वाढलं तेव्हा तिला बरंही वाटलं. त्याच्याबद्दल ती कुठे चकार शब्द बोलली नाही, अगदी धाकटीशीही नाही.

पण पुढच्या सोमवारी बैठक भरल्यावर ती मुद्दाम बाहेर व्हरांड्यात थांबली आणि फोन लावला. दाराच्या काचेतून तिला टेबल दिसत होतं.

“बाई, त्या गोळ्यांचं विचारायचं होतं.”

विंचू दिसावा तशा बाई दचकल्या. फोन झडप घालून उचलला आणि पहिल्यांदाच कानाला लावला. कसल्या गोळ्या, असं त्यांनी घशातल्या घशात विचारलं.

“तापाच्या. माझ्या पेटीतल्या संपत आल्यात. दुसऱ्या कसल्या असणार?”

मग ते दर सोमवारचं झालं. कधी वजनकाट्याचं निमित्त, कधी नुसतंच “बाई, तुमच्या घरावरूनच आले,” आणि पुढे बराच वेळ काही नाही. बाई तिचा नंबर ओळखून फोन थेट कानाला लावू लागल्या, तेव्हा ती कधी धाकटीच्या, कधी शिपायाच्या फोनवरून बोलू लागली. शेवटी बाई कोणाचाच फोन स्पीकरवर घेईनात. बाया निवांत झाल्या. धाकटी म्हणाली, कर्ण्याचा आवाज बसला गं, देव पावला.

वरच्या कार्यालयातून एक मुलगी आली आणि काम कसं वाटतं, असं एकेकीला विचारू लागली. सगळ्यांनी बाई बदलल्याचं सांगितलं. थोरलीची पाळी आली.

“कामात समाधान मिळतं का तुम्हाला?”

“सोमवारी मिळतं,” थोरली म्हणाली.

उपचार पुरे झाले, तपासणीत मुलगा बरा निघाला. त्या संध्याकाळी बाई पुन्हा दारात आल्या, या वेळी उभ्याच राहिल्या. आभार मानले, मग म्हणाल्या, “आता तरी ते फोन बंद कर.”

“त्याच्या गोळ्या संपल्या बाई,” थोरलीने आतल्या खोलीकडे हात केला. “माझ्या लेकीची खिडकी अजून उघडलेली नाही.”

सोमवारी तिने शिपायाकडे फोन मागितला.