मागचं दार बंद असताना

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. एखाद्या वाद्याचा आवाज वायरीशिवाय हवेतून पकडायचा आणि पुढे स्पीकरकडे धाडायचा, एवढंच माझं काम. काळा लोखंडी डबा, तोंडावर दोन हिरवे दिवे, पाठीला दोन अँटेना. दिसायला मी काही फार देखणा नाही. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. आम्ही झिजलो, अडगळीत पडलो, तरी कुणाबद्दल मनात काही नाही, असं म्हणतात. माझ्या मनात आहे. पुष्कळ आहे. म्हणूनच बोलायला बसलोय.

कारखान्यात मला जोडलं, तपासलं आणि खोक्यात घातलं. खोक्यात माझ्याबरोबर एक छोटी पिशवी होती. तिच्यात दोन पट्ट्या होत्या आणि दोन आखूड वायरी. पट्ट्या माझ्या दोन्ही कुशींना लावायच्या आणि मला रॅकमध्ये, म्हणजे साउंडची सगळी यंत्रं एकावर एक बसवतात त्या कपाटात, स्क्रूने आवळायचं. वायरी अशासाठी की माझ्या अँटेना मागून काढून पुढच्या पट्टीवर आणता याव्यात. कपाट लोखंडी असेल तर हे करावंच लागतं. चहूबाजूंनी लोखंड आलं की माझ्यापर्यंत धड काही पोचत नाही. माणसाला गोधडीत गुंडाळून ठेवायचं आणि वर विचारायचं, बाहेर कोण काय बोललं? तसलाच प्रकार.

मला विकत आणलं ते एका अपघातामुळे. एक वाद्यवृंद होता, लग्नाच्या स्वागतसमारंभात आणि सभागृहांत वाजवणारा. त्यात व्हायोलिन वाजवायची ती सगळ्यांची ताई. तिचा धाकटा भाऊ वृंदाचा प्रमुख, त्याला मास्तर म्हणत. आणि तिचा नवरा साउंड सांभाळायचा. त्याचं नाव सगळ्यांनी टापटीप ठेवलं होतं, कारण त्याच्या खांद्यावर कायम एक पिवळं फडकं असायचं आणि धूळ दिसली की तो बोलता बोलता पुसायला लागायचा. एका कार्यक्रमात ताई वाजवत पुढे आली, तिचा पाय वायरीत अडकला आणि ती डाव्या मनगटावर पडली. हाड मोडलं. त्या दिवशी टापटीपने ठरवलं की इथून पुढे आपल्या स्टेजवर एक वायर दिसता कामा नये. त्याचं बायकोवर प्रेम होतं, हे मी नाकारत नाही. ते नसतं तर मला एवढी चीड आली नसती.

ताईचं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी घरी आलो. टापटीपने मला त्याच्या लोखंडी रॅकमध्ये बसवलं तो सोहळा बघण्यासारखा होता. पट्ट्या लावल्या. रंग खरवडू नये म्हणून प्रत्येक स्क्रूखाली वॉशर घातला. मी एका बाजूला झुकलोय की काय हे एक डोळा मिटून, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. खाली तापट अँप्लिफायर होता, त्याच्या डोक्यावर मला बसवलं. मग त्याने ती पिशवी हातात घेतली. तिच्यातल्या वायरी बाहेर काढल्या आणि परत ठेवल्या.

"समोर ही शिंगं कशाला काढून ठेवायची?" तो ताईला म्हणाला. "मागेच राहू देत. छान, स्वच्छ दिसतंय."

ताई म्हणाली, "तुम्हाला कळतं ते. मला नुसतं वाजवता आलं म्हणजे झालं."

त्याने माझ्या अँटेना खाली दुमडल्या, कारण उभ्या ठेवल्या तर रॅकचं मागचं दार लागत नव्हतं. मग दार लावून घेतलं. पुढून पाहिलं तर एक वायर दिसत नव्हती. मास्तर आला, ड्रमवाला आला, सगळ्यांनी वाहवा केली. ड्रमवाला म्हणाला, "काय हो, ह्यात कपडे ठेवायचे की मशिनं?" टापटीप खूश झाला. मी आत गुदमरत होतो, पण मला कोण विचारतो?

आता माझी एक सवय सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आवाज अर्धवट पोचला तर काही रिसीव्हर खरखर करतात. मी करत नाही, मला तसं बनवलंच नाही. नीट ऐकू आलं नाही की मी तोंड मिटतो आणि नीट ऐकू आलं की पुन्हा बोलतो. स्पीकरमधून घाणेरडा आवाज येण्यापेक्षा काही न आलेलं बरं, असा बनवणाऱ्यांचा हिशोब. त्यामुळे माझ्याकडून आवाज तुटतो तेव्हा तो यंत्र बिघडल्यासारखा वाटतच नाही. वाजवणारा मध्येच थांबल्यासारखं वाटतं.

पहिल्याच कार्यक्रमात ते घडलं. रॅक पडद्याआड होता, टापटीप आवाज कमीजास्त करायचा मिक्सर घेऊन समोर प्रेक्षकांच्या मागे बसलेला. माझे दिवे विझले तरी बघायला कोणी नाही. ताई पुढे आली, माझ्यापासून लांब गेली, अंगाने वळली, कमरेला लावलेली आवाज धाडणारी डबी अंगाआड गेली, आणि तिच्या व्हायोलिनचा आवाज मला येईनासा झाला. एक सूर गेला. पुन्हा आला. पुढच्या ओळीत दोन गेले. तिचं व्हायोलिन विजेवरचं, पोकळ पेटी नसलेलं. स्पीकर नसेल तर त्याचा आवाज तिच्या कानालाही जेमतेम लागायचा. बाजूला ड्रम धडधडत होते. मग तिला काय वाटणार? तिने डाव्या हाताकडे पाहिलं. बोट नीट दाबलं गेलं नाही, असंच तिला वाटलं.

उतरल्यावर मास्तर म्हणाला, "ताई, हात दुखतोय का गं?"

"दुखत नाही," ती म्हणाली. "पण मला कळलंच नाही कधी सुटलं ते."

पुढच्या कार्यक्रमात तसंच झालं आणि त्याच्या पुढच्यातही. घरी सराव करताना मात्र एक सूर जायचा नाही. साहजिक आहे, घरी ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसायची. पण बाकीच्यांना त्यातून उलटंच दिसलं. घरी येतं आणि लोकांसमोर जातं, म्हणजे धास्ती घेतलीय, असं ड्रमवाला म्हणाला. मनगट अजून भरलं नाही, असं मास्तर म्हणाला. डॉक्टर म्हणाले होते की हात उत्तम आहे, पण त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. जो तो तिच्या बोटांकडे बघायला लागला. ज्याच्या बोटांकडे चारचौघं टक लावून बघतात त्याची बोटं अवघडतातच, त्यात नवल काय.

एकदा तिने विचारलं होतं. अगदी हळू, त्याला वाईट वाटू नये म्हणून. "त्या डब्यात तर काही नसेल ना हो?"

त्याला वाईट वाटलंच. पण तो प्रामाणिक माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रॅक घराच्या मधल्या खोलीत घेतला आणि माझी तपासणी करायची म्हणून, मित्रांनो, मागचं दार सताड उघडलं. हवा आली, माझा जीव भांड्यात पडला. तिने वाजवलं, तो वायरी चाचपत राहिला. ती वाजवत पार स्वयंपाकघरापर्यंत गेली तरी मी एक सूर सोडला नाही. माझे दोन्ही दिवे लख्ख जळत होते. त्याने ते तिला बोलावून दाखवले.

"हे बघ. मशिनला काय धाड भरलीय? नवंकोरं आहे," तो म्हणाला. "तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. हाताला वेळ लागतो."

मग त्याने दार लावलं आणि फडक्याने माझं तोंड पुसलं. माझ्यासारखं यंत्र वृंदात दुसरं नाही, असं तो मास्तरला फोनवर सांगत होता. मला आयुष्यात जी काही शाबासकी मिळाली ती अशी, तिच्या हाताला नावं ठेवून मिळाली. असली शाबासकी चुलीत घाला.

मग तो मोठा समारंभ आला. त्यात तिने एकटीने वाजवायचा एक भाग होता. बाकी सगळे थांबणार आणि ती वाजवत पुढे येणार. तिने तो महिनाभर घोटला होता. मी रोज ऐकत होतो. इतकं सुरेख वाजवणारं माणूस माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही. त्या दिवशी बाकीचे थांबले, ती पुढे आली, आणि तिसऱ्या ओळीला मला ऐकू येणं बंद झालं. मी जिवाचा आटापिटा केला. पण सगळीकडे लोखंड, खालून अँप्लिफायरची आग, अँटेना पाठीशी मुडपलेल्या. बाहेर ती वाजवत होती आणि सभागृहात शांतता होती. कुणीतरी हसलं. तिने गज खाली घेतला.

घरी आल्यावर तीच म्हणाली की आता पुरे. मास्तरने एकदा "बघ हं ताई, घाई नको" म्हटलं, तेही तोंडदेखलं. टापटीपने तिच्या पाठीवर हात ठेवला. "आराम कर. खूप वर्षं वाजवलंस." तिने व्हायोलिनची पेटी बंद केली आणि कपाटावर चढवली. जो हात केव्हाच बरा झाला होता त्या हाताला तो रोज तेल चोळून द्यायचा.

तिच्या जागी दुसऱ्या वृंदातून एक व्हायोलिनवाला आला. डोक्यावर झुलपं, बोलणं रोखठोक. कार्यक्रमाआधी दुपारी, मास्तर आणि बाकीचे यायच्या आत, रिकाम्या सभागृहात तो वाजवत पुढे आला आणि पहिला सूर गेल्याबरोबर थांबला. त्याने आपल्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमचा रिसीव्हर कुठाय?" त्याने विचारलं.

टापटीप म्हणाला, "रिसीव्हर नवा आहे."

"असेल. मी वाजवतोय आणि आवाज येत नाही, म्हणजे रिसीव्हरच बघायचा ना आधी."

तो पडद्याआड आला, मागचं दार उघडलं आणि माझ्या दुमडलेल्या अँटेना बघून कपाळावर हात मारला. "अहो भाऊ, ह्याला कोंडून घातलाय की तुम्ही. वायरी आल्या असतील बरोबर, कुठे आहेत?" टापटीपने पिशवी काढून दिली. जपून ठेवली होती, टापटीप माणूस तो. त्यांनी दोघांनी मिळून मला काढलं, रॅकच्या सगळ्यात वरच्या खणात बसवलं आणि अँटेना पुढे आणल्या. मग मी अख्ख्या कार्यक्रमात एकही सूर सोडला नाही. मास्तर झुलपेवाल्याला म्हणाला, "वा, हात काय तयार आहे तुमचा."

टापटीपला सगळं कळलं होतं. स्क्रू आवळताना ह्या वेळी तो वॉशर घालायला विसरला होता.

रात्री रॅक घरी आला. ताईने दार उघडलं.

"कसं झालं?"

"बरं झालं."

"आवाज कुठे तुटला का?"

तो बूट काढत होता. "नाही," म्हणाला.

तिने डाव्या हाताची मूठ मिटली, उघडली. "म्हणजे माझाच हात होता," ती म्हणाली. "जाऊ दे. निदान एकदाचं कळलं."

मी वाट बघितली. आता सांगेल, आत्ता सांगेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरचं फडकं काढलं आणि ते घडी करून ठेवलं.

"जेवायला वाढतेस?" तो म्हणाला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या रंगाचे टवके उडालेत, माझ्यापेक्षा चांगले रिसीव्हर निघालेत, पण मला तो टाकून देत नाही. रोज सकाळी येतो आणि मला पुसतो, कोपरान् कोपरा. तिच्याकडे बघत नाही आणि मला पुसतो.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, त्या स्वच्छ ठेवा, हे तुम्हाला मोठी माणसं सांगतातच. मी नाही सांगणार. मला धुळीत ठेवा, भंगारात द्या, चालेल. माझं मागणं एवढंच आहे की तुमच्यापैकी कुणी कधी त्या घरी गेलात, तर ताईला बाजूला घेऊन सांगा की तिचा हात चांगला होता, मी आलो त्या पहिल्या दिवसापासून चांगला होता. तो तिथेच उभा असेल. त्याला लाज वाटेल. वाटू दे. तुम्ही सांगा.