आम्ही झंझाला ओळखत नाही

माझ्या सासूच्या तोंडात तीळ भिजत नाही. सून आहे म्हणून वाकडं बोलते असं समजू नका, पनवेलच्या मासळी बाजारात कुणालाही विचारा. सोनाबाईंना एखादी गोष्ट "कुणाला सांगू नका" म्हणून सांगितली की बर्फ फोडून होईस्तोवर ती शेवटच्या ओट्यापर्यंत पोचलेली असते. आणि देवाची करणी बघा, घरात आयुष्यात एकदाच गुपित आलं, ते नेमकं ह्या बाईच्या पदरात पडलं.

गुपित होतं माझ्या नणंदेचं, रियाचं. 'वज्रकेतू' नावाची एक मालिका लागायची. सोनेरी चिलखतवाला बाप्या उडायचा आणि उडता उडता संस्कृत बोलायचा. त्यात मधूनच निळा मुखवटा घातलेली एक मुलगी यायची, त्याला वाचवायची आणि निघून जायची. तिचं नाव झंझा. लोकांना तो राहिला बाजूला, हीच आवडली. मग वाहिनीने तिची वेगळी मालिका काढली. त्या मुखवट्याच्या आत आमची रिया होती.

आम्हालाही ते नवी मालिका लागायच्या जेमतेम आधी कळलं. तोवर "छोटंसं काम मिळालंय" एवढंच सांगायची. आणि सांगितलं तेसुद्धा अशा अटीवर की घाम फुटावा. मुखवटा उतरणार शेवटच्या भागात. तोवर आत कोण आहे हे बाहेर फुटलं तर काम गेलं.

"वहिनी, मुखवटा तोच राहील," रिया फोनवर म्हणाली, "आत दुसरी मुलगी येईल. आवाजसुद्धा माझा नाहीये, दुसरीच बोलते. कुणाला पत्ताही लागणार नाही."

मी सासूबाईंना समोर बसवून सगळं दोनदा समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि लगेच विचारलं, "एकट्या भीमीला सांगितलं तर चालंल ना?"

भीमाबाई म्हणजे समोरच्या ओट्यावरची. दोघी एकाच होडीतून करंज्याहून नवऱ्या म्हणून आल्या आणि तेव्हापासून भांडतायत. रिया मुंबईला गेल्यापासून भीमाबाईचा एकच प्रश्न, तोही गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने. "सोने, तुजी पोर मुंबईला करते तरी काय गो? टीव्हीवर तर कंदी दिसली नाय." त्या प्रश्नात काय काय भरलेलं असायचं ते सांगायला नको. सासूबाई तोंडाने तिला पुऱ्या पडायच्या, पण घरी आल्यावर जेवायच्या नाहीत. तेव्हा मला त्यांची दया यायची, खोटं कशाला बोलू? पोरीला मिळालं तेव्हा असं मिळालं, की सांगायची सोय नाही.

पहिला भाग बघायला आळीतली सगळी बायकापोरं आमच्या घरी, कारण टीव्ही आमचा मोठा. माझा नवरा कुंदन दारात उभा राहून सगळ्यांना "या, या" करत होता, जसं काही घरात बारसं आहे. झंझा खाडीच्या पुलावरून उडाली. सासूबाईंनी माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

आणि मग सुरू झाल्या प्रतिक्रिया.

"वज्रकेतू कंदी येनार?"

"हिला लय भाव दिला. तो होता तवा बरं होतं."

"कपडे काय ते अंगाला चिकटलेले! हिला आई-बाप नाय काय?"

सासूबाई उठल्या आणि आतून पाण्याचा तांब्या आणून एवढ्या जोराने आदळला की अर्धं पाणी कार्पेटवर. कुणाला काही कळलं नाही. मी म्हटलं, गुडघे दुखतायत त्यांचे.

मी एका दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथेही तेच. तोंडात कापूस कोंबलेली माणसं कापूस काढून मत देत होती. डॉक्टर अविनाश ड्रिल थांबवून म्हणाले, "कथेत पाणी घातलंय हो, एका मालिकेच्या दोन केल्या की असंच होतं." इंटरनेटवर तर विचारू नका. मी रोज संध्याकाळी सासूबाईंना फेसबुकवरचं वाचून दाखवायचे, वाईट तेवढं गाळून. एकदा गाळायचं राहिलं. कुणीतरी लिहिलं होतं, 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.'

सासूबाई ताडकन उठल्या. "माजं नाव कोनी सांगितलं त्याला?"

"अहो आई, म्हण आहे ती!"

"म्हन मला ठाव हाय. पन त्याला मीच कशी आठवली?"

इतक्या धास्तावल्या होत्या. पण बोलल्या नाहीत हो! राग काढायचा तो गिऱ्हाइकांवर. सोसायटीतले कृष्णकांत काका, नेहमीचं गिऱ्हाईक, पापलेट निवडता निवडता सहज म्हणाले, "ती झंझा काय, ओव्हरअॅक्टिंग करते." सासूबाईंनी त्यांच्या हातातलं पापलेट काढून घेतलं आणि म्हणाल्या, "पापलेट संपलं." टोपली भरलेली समोर. काका बिचारे शेवटी मांदेली घेऊन गेले.

म्हणजे जिची भीती होती ती बाई गप्प राहिली. घात केला तो माझ्या नवऱ्याने.

रविवारी सकाळी मी भाजी आणायला निघाले तर बाजाराच्या कोपऱ्यावर हा एवढा फ्लेक्स! एका बाजूला निळा मुखवटा, दुसऱ्या बाजूला रियाचा साडीतला फोटो, मधे बाण. 'झंझा या मालिकेतील झंझा, आपल्या कोळीवाड्याची शान, कु. रिया हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून कुंदन आणि त्याचे सगळे मित्र, काळे गॉगल लावून, रियापेक्षा मोठ्या फोटोंत.

मी घरी धावत आले. बाप्या चहात खारी बुडवत होता.

"अहो, अक्कल गहाण टाकलीत काय? कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"मी कुणाला सांगितलं?" कुंदन म्हणाला. "एक शब्द बोललो नाय. फक्त फ्लेक्स लावला."

पनवेलमध्ये पोरगं दहावी पास झालं तर अभिनंदनाचा फ्लेक्स, नापास झालं तर पुढील प्रयत्नास शुभेच्छा. फ्लेक्स लावणं म्हणजे सांगणं असतं हे ह्यांच्या डोक्यातच नाही. फ्लेक्स उतरवायला लावला, पण तोवर कुणीतरी फोटो काढून फेसबुकवर टाकला होता. आणि भीमाबाई त्या फ्लेक्सखाली कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी रियाचा फोन आला. रडत होती.

"वहिनी, उद्या आमची टीम पनवेलच्या बाजारात येतेय. म्हणायला प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घ्यायला. खरं म्हणजे गुपित आमच्या घरातूनच फुटलं का, त्या फ्लेक्सची चौकशी करायला. मी सांगितलंय की कुणीतरी हौशी माणसाने उगाच माझं नाव लावलं असेल. पण आईने कबूल केलं ना, की संपलं सगळं."

सासूबाई माझ्या बाजूलाच उभ्या होत्या. माझ्या भरवशावर पोर नाय राहिली तर बरं, असं काहीतरी पुटपुटत त्या देवापुढे जाऊन बसल्या.

कुंदन मात्र उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, "एक फ्लेक्स काढला तर लोक बोलतील, काहीतरी लपवतात. अजून लावतो."

मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. पण सोमवारी सकाळी पनवेल बघण्यासारखं झालं होतं. एसटी स्टँडसमोर त्याच निळ्या मुखवट्याशेजारी कुंदनची आत्या आशालता, नऊवारीत, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावरचा काळा चष्मा लावून: 'खरी झंझा हीच!' कोन गावच्या फाट्यावर एका मित्राची बहीण नीता. बेलपाड्यात दुसऱ्याची बायको, कडेवर मूल. आणि तिसरा मित्र हितेश, त्याला बहीण नाही, बायको नाही, तर त्याने स्वतःचाच लावला. 'झंझा: मा. हितेशशेठ. शुभेच्छुक: मित्र परिवार.'

फ्लेक्सवाला मित्रच होता, रात्रभर मशीन चालवली म्हणे. मी इतक्या वर्षांत नवऱ्याला पहिल्यांदाच मनापासून शाबास म्हटलं.

टीमची मुलगी वल्लरी माइक घेऊन बाजारात शिरली तेव्हाच तिच्या तोंडावर हसू होतं. "बापरे, इथे तर घरोघरी झंझा आहेत!" मी दवाखान्यात दांडी मारून सासूबाईंच्या मागे उभी होते. पण वल्लरी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. सगळं हसून झाल्यावर तिने नेमकं भीमाबाईसमोर माइक धरला.

"मावशी, पहिला फ्लेक्स रियाचा होता ना? इथल्याच सोनाबाईंची मुलगी. तीच झंझा आहे का हो?"

भीमाबाई उभी राहिली. पदर खोचला. तिने समोर सासूबाईंकडे पाहिलं. सगळा बाजार थांबला. गिऱ्हाइकंसुद्धा हातातला बोंबील हातात धरून उभी. मी मनात म्हटलं, गेलं. एवढ्या वर्षांचा हिशेब ही आज चुकता करणार.

"सोनीची पोर?" भीमाबाई खच्चून हसली. "ती झंझा? अगो, तिला साधा बोंबील साफ करता येत नाय! खाडीच्या चिखलात दोन पावलं टाकली तर तोंडावर पडते. ती काय उडनार, कपाल? आळशी हाय एक नंबरची, आईवर गेलीय. आमाला ठाव नाय काय!"

बाजार फुटला हसून. सासूबाईंचा कोयता हातातच राहिला. आता ह्या उठतील, भीमाबाईच्या झिंज्या धरतील आणि पोरीची बाजू घेता घेता सगळं ओकून टाकतील, म्हणून मी त्यांचा पदर मागून घट्ट धरला.

"खरं बोलते ती," सासूबाई म्हणाल्या. "आळशीच हाय माजी पोर."

वल्लरी थोडी हिरमुसली. "बरं, मग तुम्हीच सांगा मावशी. झंझा कशी वाटली?"

"बरी हाय." कोयता पुन्हा चालायला लागला. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात बाईंनी पुढे जोडलंच, "पन बारीक झालीय."

वल्लरीने माइक जवळ आणला. "झालीय? म्हणजे आधी पाहिलंय तुम्ही तिला?"

अगं आई गं! मी डोळे मिटून घेतले.

"पाहिलंय म्हंजे?" सासूबाई कडाडल्या. "त्या वज्रकेतूच्या मालिकेत नव्हती काय? तवा गालावर, म्हंजे हनवटीवर मांस होतं तिच्या. ह्या नव्या मालिकेत तुमी तिला उपाशी ठेवलीय. हाडं दिसतात दंडाची! पुलावरून उडवता, आगीतून पलवता, आनि जेवू कोन घालतो? कोन का असंना ती, कुनाची तरी पोर हाय ना? तिची आय कुटंतरी बसून बघत असंल, तिच्या पोटात काय होत असंल? सांगा तुमच्या सायबाला, पोरीला आदी पोटभर जेवू घाला, मग काय उडवायची ती उडवा!"

शेवटी शेवटी त्या रडत होत्या, पण समोर कांद्याची टोपली नसली तरी बोंबलाचं खारं पाणी होतं, तेव्हा चेहऱ्यावर ओघळ असणं बाजारात कुणाला नवीन नाही. वल्लरी खूश होऊन म्हणाली, "मस्त! असं मनापासून कुणीच बोललं नाही." आणि टीम गेली.

सासूबाईंनी दोन कटिंग मागवले. एक स्वतः उचलून भीमाबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

"माजी पोर आळशी काय गो?"

"मग? टीव्हीवर तर कंदी दिसली नाय," भीमाबाई म्हणाली आणि बशीत चहा ओतून फुंकायला लागली.

आठवड्याच्या शेवटी प्रतिक्रियांचा कार्यक्रम लागला. पुन्हा सगळी आळी आमच्या घरात. कुणी पुण्याचे, कुणी नाशिकचे, मग एकदम सासूबाई, कोयता हातात धरून. खाली पट्टी आली: 'सोनाबाई, प्रेक्षक, पनवेल.' पोरांनी शिट्ट्या मारल्या. सासूबाई त्या पट्टीकडे बघत राहिल्या. वाचता येतं त्यांना, सावकाश. "प्रेक्षक म्हंजे बघनारी ना?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी हो म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला, नाव पाहिलं आणि न बोलता त्यांच्या कानाला लावला. मीही कान जवळ नेला. पलीकडे आधी नुसता भांड्याचा आवाज आला.

"आई," रिया तोंडात घास धरून म्हणाली, "जेवतेय गं."

खोली माणसांनी भरलेली. भीमाबाई पाटावर पुढ्यातच. सगळे सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

"कोन पायजे?" सासूबाई म्हणाल्या. "नाय, आमी वलखत नाय तुमाला." मग तोंड भिंतीकडे वळवून, अगदी बारीक आवाजात, "काय जेवतेस?"

"वरणभात."

"नुसता वरनभात?" एवढंच त्या बोलल्या. फोन माझ्या हातात कोंबला, पदराचा बोळा तोंडात धरला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"काय झालं गो हिला?" कुणीतरी विचारलं.

"राँग नंबर होता," भीमाबाई म्हणाली. "टीव्हीचा आवाज वाढवा."