ओल्या केसांची ओढ

मित्रांनो, कंगवा म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर खिशात मावणारा, बारीक दातांचा चटपटीत गडी येत असेल. मी तसा नाही. मी लाकडाचा आहे, तळहाताएवढा रुंद, आणि माझ्या दोन दातांमधून तुमची करंगळी आरपार जाईल. एके काळी मला अकरा दात होते. आता दहा उरले आहेत.

मला घडवले ते एका सुताराने. एक तरुण मुलगी त्याच्याकडे मोडके स्टूल दुरुस्तीला घेऊन आली होती. तिच्या केसांकडे बघून त्याचा रंधा थांबला.

"पोरी, एवढं रान विंचरतेस तरी कशानं?"

"बोटांनी," ती हसून म्हणाली. "कंगवे टिकतच नाहीत."

सुताराने एका जुन्या खुर्चीच्या लाकडाचा उरलेला तुकडा उचलला. मला कापायला त्याला तासभरच लागला, पण घासायला दोन दिवस. प्रत्येक दाताचे टोक तो स्वतःच्या गालावर फिरवून बघायचा आणि ओरखडा उठेनासा झाल्यावरच पुढच्या दाताकडे वळायचा.

त्या मुलीचे केस म्हणजे, पाणी ओसरल्यावर ओल्या वाळूवर उमटतात ना, तशा लाटाच लाटा. न्हाऊन आली की ती मागच्या पायरीवर बसायची. आधी मला केसांच्या टोकांत घालायची, तिथला गुंता सुटला की थोडे वर, मग आणखी वर. ओढाताण नाही, घाई नाही. पुढे तिचे लग्न झाले, लेक झाली, आणि लेकीच्या डोक्यावरही त्याच लाटा आल्या. लेक दिवसभर किलबिलायची म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. सुट्टीच्या दिवशी दोन ओली डोकी माझ्यापुढे असायची. मित्रांनो, माझ्यासारखा सुखी कंगवा शोधून सापडला नसता.

मग आईला मालवाहू जहाजावर स्वयंपाकिणीची नोकरी लागली. एका फेरीला नऊ महिने. निघताना तिने मला बाबांच्या हातात दिले. "टिटवीचे केस ओले असतानाच विंचर. टोकाकडून. ऐकतोयस ना?" बाबांनी मान हलवली. ते तेव्हा तिच्या बॅगेची चेन लावत होते.

टिटवीचे बाबा केस कापण्याचे दुकान चालवत. घराच्या पुढच्या खोलीतच दोन खुर्च्या आणि लांब आरसा होता. अर्ध्या वस्तीची डोकी त्यांच्या हाताखालून जात. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरच्या एका डोक्यापुढे त्यांनी हात टेकले. दुकानातल्या मोठ्या डब्यातला शाम्पू ते टिटवीच्या डोक्यावर ओतत. फेस तर असा, की पोर दिसेनाशी व्हावी. मग टॉवेलने खसाखसा पुसायचे, आणि केस वाळल्यावर बारीक कंगवा वरून खाली.

"आई गं!"

"झालंच, झालंच. ओरडू नको, गिऱ्हाईक पळेल."

मी खणात पडून तो आवाज ऐकायचो. महिन्याभरात लाटा गेल्या आणि पिंजलेल्या कापसासारखा भुसभुशीत डोंगर उरला. एकदा बाबांनी मला खणातून उचलले, तेव्हा वाटले, आठवण झाली वाटते! पण वाऱ्याने खिडकी खडखडत होती. त्यांनी मला तिच्या फटीत ठोकून बसवले. तिथेच माझा अकरावा दात गेला.

तुम्ही म्हणाल, दातासाठी रडतोस होय? दात गेल्याचे एवढे नव्हते, मित्रांनो. ऊन लागून माझे लाकूड वाळत चालले होते. रस्त्याने कुणी ओले केस मोकळे सोडून गेले, की मी खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहायचो.

त्याच खिडकीतून मला टिटवी दिसायची. ती आता डोक्याला रुमाल घट्ट बांधून शाळेत जायची. आईचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हाही रुमाल असायचा.

"काय गं, घरात कशाला रुमाल?"

"फॅशन आहे. आणि तुझी ती टोपी?"

"अगं, कामावर आहे मी."

दोघी हसायच्या, जरा जास्तच.

एका दुपारी टिटवी शाळेतून आली ती थेट गिऱ्हाइकाच्या खुर्चीत चढून बसली. दुकान रिकामे होते. तिने रुमाल काढला. "बाबा, मशीन फिरव. सगळे काढून टाक."

"काय झालं?"

मागच्या बाकावरच्या मुलींनी तिच्या केसांत पेन्सिल खोचली होती. तास संपेपर्यंत ती पेन्सिल पडली नाही आणि टिटवीला कळलेही नाही. ती फळ्याजवळ उदाहरण सोडवायला गेली, तेव्हा सगळा वर्ग हसला. कशाला हसतात ते न कळून तीही हसली होती.

बाबांनी मशीन चालू केले. दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. आजवर त्यांनी किती डोकी भादरली असतील, पण ते मशीन नुसतेच गुणगुणत राहिले. शेवटी त्यांनी ते बंद केले.

"आईला काय सांगू मी?"

"आई कुठंय इथे?" टिटवी ओरडली. "ती असती तर असं झालंच नसतं!"

बाबा गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. मला उडी मारावीशी वाटत होती. पण लाकडाला पाय नसतात.

तेवढ्यात रस्त्याने शाळेतल्या चित्रकलेच्या बाई चालल्या होत्या. त्यांचे पांढरे केस खांद्यापर्यंत लाटालाटांनी उतरलेले. बाबांनी त्यांना रोज बघितले असेल, पण आज ते कमरेचा एप्रनही न सोडता बाहेर धावले. "बाई, राग मानू नका, एक विचारतो. तुम्ही डोक्याला काय लावता?"

बाई खळखळून हसल्या आणि आत आल्या. टिटवीच्या केसांना त्यांनी हात लावला, पण आधी विचारून. मग तो मोठा डबा उचलून वास घेतला.

"हिचं डोकं धुता की तेलकट कढई?"

"फेस छान येतो, बाई."

"फेस म्हणजे स्वच्छता नव्हे हो. लाटांचे केस मुळात कोरडे. त्यांच्यात जो थोडाफार ओलावा असतो, तोच हा ओरबाडून नेतो. सौम्य शाम्पू आणा, कमी फेसाचा. रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. मग कंडिशनर लावा, आणि तो केसांत असतानाच विंचरा. टॉवेलने घासू नका, जुन्या सुती बनियनने टिपा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे काय लागू पडलं ते कळेल. मी ऐन तरुणपणात दिसेल ती बाटली आणायचे. डोक्याचं पार पोतेरं झालं होतं!"

मग त्यांनी कंगवा मागितला. बाबांनी बारीक कंगवा पुढे केला. बाईंनी मान हलवली आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली.

"अरे, असा कंगवा घरात असून खिडकीला लावलाय?"

बाबा लालेलाल झाले. त्यांनी मला ओढून काढले आणि उभ्या उभ्याच माझ्याकडे बघत राहिले. बायकोचे शब्द त्यांना नऊ महिन्यांतले सात महिने उलटल्यावर ऐकू आले असावेत. त्यांनी मला तेल पाजले. मी ते घटाघटा प्यायलो.

एका दिवसात जादू झाली असे मात्र नाही. बाबांनी आणलेली पहिली बाटली फारच जड निघाली. केस चिकट होऊन कपाळाला बसले, आणि टिटवी म्हणाली, "आता मी पावसात भिजलेली मांजर!" दुसऱ्या बाटलीला फेसच येईना, तेव्हा बाबा पुटपुटले, "बिघडलाय की काय हा?" पण त्यांनी धीर धरला. दुकानाचा चष्मा लावून ते बाटलीवरची बारीक अक्षरे वाचत आणि टोकाकडून विंचरत. सुरुवातीला हात अडखळायचा. हळूहळू टिटवीचे ओरडणे बंद झाले आणि त्या जागी बडबड सुरू झाली. एका सकाळी तिच्या कानामागे पहिली लाट परतलेली मला दिसली. त्या आठवड्यात ती रुमालाविना शाळेत गेली. मुली चिडवायच्या थांबल्या का, ते मला ठाऊक नाही. पण ती पुन्हा खुर्चीत चढून बसली नाही.

आणि आई आली. मी आरशापुढे वाट बघत होतो. नऊ महिने मला तिच्या केसांची ओढ होती. तिने लेकीला पोटाशी धरले, केसांतून बोटे फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली. टिटवी म्हणाली, "आता तू टोपी काढ ना."

आई घुटमळली. मग तिने टोपी काढली. केस जेमतेम दोन बोटे लांबीचे होते, राठ, उभे राहिलेले.

"जहाजावरचं पाणी, भट्टीची वाफ, आणि तिथला हात धुवायचा साबण," ती म्हणाली. "गुच्छचे गुच्छ गुंतायला लागले. विंचरायला वेळ नाही. कापून टाकले. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

टिटवीने आईला मागच्या पायरीवर बसवले, तिचे डोके धुतले, बनियनने टिपले आणि मला हातात घेतले. दोन बोटांचे केस ते, माझे काम एका झटक्यात संपले. तरी ती विंचरतच राहिली, आणि आई पाठमोरी बसून डोळे पुसत राहिली.

दोन महिन्यांनी आई पुन्हा निघाली. टिटवीने तिच्या बॅगेत सौम्य शाम्पूची बाटली ठेवली आणि वर मला ठेवले. "मला बाबा नवा करून आणेल. तिकडे तुला कोण आहे?"

तर मित्रांनो, मी आता जहाजावर आहे. आईच्या खोलीत, खिळ्याला टांगलेला. तिचे केस कानापर्यंत आलेत आणि लाटा धरू लागलेत. मी सुखात आहे, पण माझा जीव तिकडे अडकला आहे. तुमच्या घरात कुणाचे केस गुंतलेले दिसले तर हसू नका, ओढू नका. टोकापासून, हळूहळू सोडवा. केसांना काय रुचते ते समजून घ्यायला वेळ लागतो, तेवढा वेळ द्या.

आज सुट्टीचा वार आहे. टिटवी न्हायली असेल. तिचे ओले केस आता कुणाच्या दातांतून जात असतील? तो नवा कंगवा गालावर फिरवून पाहिला असेल ना कुणी?