अप्पांच्या पाठीवरची गर्दी

निजामाचं राज्य गेल्याला चार-पाच वर्षं झाली होती, पण सोनपेठात त्याहून मोठी घटना ठरली ती गुरुसिद्धप्पांच्या मणक्याचं ऑपरेशन. सरकीचं पोतं उचलताना मणक्यातली गादी सरकली आणि डावा पाय बधिर झाला. हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठ उघडून ती काढावी लागली. पाठीला टाके घालून परत आलेला माणूस गावानं तोवर पाहिला नव्हता.

निघताना डॉक्टरांनी अप्पांच्या बायकोला, चन्नबसम्माला, उर्दूत बजावलं होतं. जखम भरेपर्यंत पट्टी सोडायची नाही, कुणी हात लावायचा नाही, पू मणक्यात उतरला तर माणूस परत उठायचा नाही. उर्दू असूनही तिला सगळं कळलं. अडचण एवढीच, की नवरा किराणा दुकानदार होता आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याचा त्याला सरावच नव्हता.

पहिला आला समोरचा आश्रुबा.

"अप्पा, दावा की वो, कसं शिवलंय!"

अप्पा पालथे पडलेच होते. पट्टी सुटली.

"डॉक्टरला शिवायचं कळतंय, भरून आणायचं न्हाई कळत," असं म्हणत आश्रुबानं पुडी सोडून चिमूटभर हळद दाबली. हळद अप्पांच्याच दुकानातली. तिच्यात हळद किती, हे फक्त अप्पांना ठाऊक होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

"अवो, डॉक्टर काय म्हणले होते?" चन्नबसम्मा कळवळली.

"डॉक्टर हैदराबादला हाय. आश्रुबा समोर ऱ्हातो," अप्पा म्हणाले.

आश्रुबाची हळद चालते म्हटल्यावर बाकीच्यांना कसं अडवणार? गोजरबाईनं निंबाचा पाला आणला आणि पाटा सापडेना म्हणून स्वतःच चावून लावला. शिवरुद्र स्वामींनी विभूती लावली. दर्ग्याचे मुजावर ऊद घेऊन आले. ज्या एकीसाठी दिल्लीतले पुढारी घसा कोरडा करत होते, ती अप्पांच्या कंबरेवर वीतभर जागेत नांदू लागली. चन्नबसम्मानं पुढचं दार लावलं, तर मंडळी गोठ्यातून आली आणि जाताना म्हणाली, "अक्काला माणुसकी न्हाई."

मग ताप चढला. टाक्यांतून पू वाहायला लागला आणि चांगला होता तो उजवा पायही जड झाला. माणसं पुन्हा जमली, आता चौकशीला.

"राखंनं माजा पाला मारला," गोजरबाई म्हणाली.

"पाल्यात थुकी होती, बाई," स्वामी म्हणाले.

शेवटी चूक डॉक्टरची, यावर एकमत झालं. अप्पाही त्या तापात हो म्हणाले. एवढी गिऱ्हाइकं एकदम म्हणत होती.

 चन्नबसम्मानं भर बाजाराच्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं. लग्न झाल्यापासून असा अधर्म या घरात घडला नव्हता. बैलगाडीत गादी टाकून तिनं नवऱ्याला पालथं झोपवलं.

"अगं, दुकान उघड! लोक काय म्हणतील?" अप्पा कण्हले.

"म्हणू द्या."

"अक्का," आश्रुबानं गाडीमागं येत काळजीनं विचारलं, "आज मीठ कुणाकडून न्यावं मग?"

गाडी गंगाखेड स्टेशनाच्या वाटेला लागली.

हैदराबादला डॉक्टरांनी जखम पुन्हा उघडली, खरवडून धुतली, पेनिसिलिनच्या सुया सुरू केल्या. आत काय काय भरलं होतं, असं त्यांनी विचारलं. तिनं एकेक नाव सांगितलं, तसे ते पुन्हा हात धुऊन आले. पू हाडापर्यंत पोचायला थोडंच उरलं होतं, म्हणाले. आता जीव वाचेल. पायाचं मात्र जखम भरल्यावर बघू.

दहा-बारा दिवसांनी ताप उतरला. डॉक्टर खुशीत आले. आता घरी न्यायला हरकत नाही, घरच्या माणसांच्या मायेत लवकर भरून येईल, असं ते म्हणाले.

चन्नबसम्मानं पलंगाची कड घट्ट धरली.

"नगं, साहेब. जखम सुकूस्तोवर इथंच ऱ्हाऊ द्या. घरी लय माया हाय."