घंटेखालचा अर्धा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरे सांगायचे तर पूर्ण दोरही नाही, अर्धाच. उरलेला अर्धा इथेच माझ्या शेजारी लोंबतो आहे. तुम्ही खोलीत आलात तेव्हा आधी त्याच्याकडेच पाहिलेत. पाहिलेत ना? सगळे तसेच करतात.

माझ्या आयुष्यात तीन गाठी पडल्या. त्या एकेक करून सोडतो, म्हणजे सगळे सांगून होईल. फक्त दुसरी गाठ मी शेवटी सोडणार आहे. तिच्यात त्याचे कौतुक आहे आणि ते लवकर करायची मला हौस नाही.

पहिली गाठ

आमच्या गावात बाजाराच्या मागे पत्र्याची एक लांबच लांब शेड होती. तिथे दोरवाला आणि त्याच्या दोन मुली ताग वळत. दोर वळणारा माणूस उलटा चालतो, हे तुम्हाला माहीत आहे का? कमरेला तागाचा भारा बांधायचा, चाकाकडे तोंड करायचे आणि पाऊल पाऊल मागे जात बोटांतून धागा सोडायचा. थोरली मुलगी चाक फिरवायची. बाप मागे मागे जायचा. तो कशाला धडकू नये म्हणून धाकटी त्याच्या पाठीशी उभी राहून "अजून, अजून, बास" म्हणायची. गावातले लोक म्हणत, हा माणूस आयुष्यात एकदाच सरळ चालला, स्वतःच्या लग्नाला.

गावात दोन चर्च. एक टेकडीवर आणि एक बाजारात, बेकरी आणि फर्निचरचे दुकान यांच्या मधोमध. दोन्ही चर्चना एकाच वेळी नवा दोर हवा झाला. दोन्हीकडच्या घंटा वाजवण्याचे काम त्याच्याच मुलींना मिळाले होते, थोरलीला बाजारातले, धाकटीला टेकडीवरचे. दोरवाल्याने एकच लांब, तीन पदरी दोर वळला. मग तो जमिनीवर पसरला, दोन टोके जुळवून मध्य काढला आणि तिथे कुऱ्हाड घातली.

"दोघींना एकसारखा," तो म्हणाला.

बापांना असे वाटते खरे. माझ्या शेजारच्या या अर्ध्याच्या वाट्याला आला टेकडीवरचा मनोरा. तिथे खिडकी, वारा, खाली सगळे गाव. माझ्या वाट्याला जिन्याखालचा अंधार आणि कबुतरांची घाण. त्याची घंटा मोठी, माझी लहान. जिथे हात धरायचा तिथे धाकटीने त्याला हिरवी मखमल शिवली. मखमलीचा तो तुकडा बाजारातल्या शिंप्याने दिला होता. माझ्या बाजारातल्या, लक्षात घ्या. थोरलीने माझ्यावर बापाच्या जुन्या सदऱ्याची बाही गुंडाळली. बाही मऊ होती, मान्य. पण मखमल ती मखमल.

तुटलेले टोक उसवू नये म्हणून तिने त्याला एक गाठ मारली. ही पहिली गाठ. माझ्या पोटात दुखायला तिथूनच सुरुवात झाली.

आता कामाचे ऐका. बाजारातून टेकडीकडे आणि दफनभूमीकडे जायला एकच गल्ली आहे. तिच्यात एका वेळी एकच मिरवणूक मावते. गावातली लग्ने टेकडीवर लागत आणि अंत्ययात्रा बाजारातून निघत. म्हणून पद्धत अशी होती, की लग्न निघाले की टेकडीची घंटा वाजायची आणि अंत्ययात्रा निघाली की बाजारातली. दोन्ही वाजल्या तर लग्नाने थांबायचे. म्हणजे बघा, त्याच्याकडे नवऱ्या मुली आणि माझ्याकडे मयती. त्याचा आवाज ऐकून लोक हसत खिडकीत येत. माझा ऐकून टोपी काढत.

शिवाय रोज सकाळी दोन्ही घंटा वाजत. त्याचे ठोके सरळ, एकसारखे असत. आमचे वेगळे होते, तीन संथ आणि मग दोन घाईचे. बापाने दोन्ही तऱ्हा दोन्ही मुलींना शिकवल्या होत्या. पण आमचे ठोके ऐकूनच बेकरीवाला पावाची पहिली भट्टी काढायचा. एवढा एक मान माझा होता आणि तो मी जपून ठेवला होता.

तिसरी गाठ

दुसरी नंतर. सांगितले ना.

पुढे नायलॉनचे दोर आले. गुळगुळीत असतात आणि कुजत नाहीत म्हणे. त्यांचाही हेवा करायचा होता, पण आता अंगात तेवढा जोर राहिलेला नाही. आम्हाला दोघांनाही उतरवले. मी बरीच वर्षे चर्चच्या कोठीत मोडक्या बाकाखाली पडून होतो. ओलाव्याने माझा एक पदर काळा पडला. टेकडीवरचा मात्र धाकटीने घरी नेला आणि दर उन्हाळ्यात अंगणात पसरला. बघा, अजून कसा पिवळाधमक आहे.

मग नगरपालिकेने ही खोली काढली. गावाचा इतिहास म्हणून न्हाव्याची खुर्ची आली, बेकरीवाल्याचे लांब फावडे आले, शिंप्याची कात्री आली. थोरली आणि धाकटी, दोघी आता पांढऱ्या केसांच्या, आपापला दोर घेऊन आल्या. शिपाई म्हणाला, "आजी, खिळा एकच आहे." तेव्हा दोघींनी कुऱ्हाडीची आमची दोन टोके एकमेकांत बांधली आणि आम्हाला त्या एका खिळ्यावर टाकले. ही तिसरी गाठ. नीट पाहा, तिच्यात त्याचा वेढा वर आहे आणि माझा खाली.

आणि पाटीवर काय लिहिले आहे तेही वाचा. 'टेकडीवरील चर्चच्या घंटेचा दोर, दोन भागांत.'

म्हणजे मी त्याचा एक भाग.

दुसरी गाठ

बरे, आता हिला हात घालतो.

एका हिवाळ्यात माझ्या घंटेला तडा गेला. तिला उतरवून गाडीत घातले आणि दूरच्या ओतकामाच्या कारखान्यात पाठवले. मी मनोऱ्यात नुसताच लोंबत राहिलो. चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष होता शेजारचा फर्निचरवाला. तो म्हणू लागला, की एवढ्याशा गावाला दोन घंटा कशाला? टेकडीवरची इथे चांगली ऐकू येते. कारखान्याने विचारले, ओतायची का नवी? तर याचे उत्तर, बघू.

थोरलीने बेकरीवाल्याकडून मैद्याचे रिकामे पोते मागून आणले, त्यात वाळू भरली, वर चढून ते कप्पीपलीकडे माझ्या वरच्या टोकाला बांधले. ही दुसरी गाठ. माझ्या डोक्यावर जिथे घंटा होती तिथे आता पोते होते. आणि रोज सकाळी ती येऊन ते पोते ओढू लागली. तीन संथ, दोन घाईचे. आवाज काही नाही, फक्त वाळूची फसफस. शेजारचा बेकरीवाला येऊन उघड्या दारातून तिचे हात बघायचा आणि भट्टी काढायचा.

"हात विसरू नये म्हणून," कोणी विचारले तर ती म्हणायची.

आणि मग एका सकाळी टेकडीवरून नेहमीचे सरळ ठोके आले, जरा थांबले, आणि पाठोपाठ तीन संथ, दोन घाईचे आले. माझे ठोके. त्याच्या अंगातून. मित्रांनो, माझ्या तिन्ही पदरांना आग लागली. लग्ने त्याची, खिडकी त्याची, मखमल त्याची, आता हेही त्याचेच?

थोरलीला माझ्याहून जास्त झोंबले. तिने निरोप धाडला, तशी धाकटी एप्रनवरच खाली आली. दोघी माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

"माझे ठोके तू कशाला देतेस?"

"तुझे कुठले, ताई? बाबांचे आहेत ते."

"हे बघ, तुझ्या उपकारामुळेच कमिटी म्हणते की वरची एक पुरे. तू देत राहिलीस तर माझी घंटा कधी यायची नाही."

धाकटीने वर पोत्याकडे पाहिले. पोते जरा हलत होते.

"वरून मला तुझं दार दिसतं," ती म्हणाली. "रोज तू हे ओढतेस. ते बघून माझा हात थांबत नाही."

"मग बघू नकोस."

"बरं. तुझे देत नाही." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि माझेही देत नाही."

दुसऱ्या दिवशी टेकडी गप्प. तिथले फादर तिच्यावर रागावले, तरी गप्प. त्याच आठवड्यात मखमलीचा तुकडा देणारा शिंपी वारला. त्याची अंत्ययात्रा बाजारातून निघाली आणि नेमके त्याच वेळी टेकडीवरून एक लग्न खाली निघाले. कुठलीच घंटा वाजली नाही. पुढचे मी पाहिलेले नाही. बेकरीवाल्याने सांगितले आणि तो थोडे वाढवून सांगतो.

गल्लीच्या मध्यावर दोन्ही मिरवणुका समोरासमोर आल्या. मागे हटायला जागा नाही, दोन्हीकडून माणसे ढकलत येत होती. नवऱ्या मुलीचा मामा म्हणाला, तुम्ही मागे व्हा. शवपेटीच्या पुढच्या कोपऱ्याला खांदा होता फर्निचरवाल्याचा. पेटी त्यानेच बनवलेली.

"पेटी घेऊन उलटं चालायला मी काय दोरवाला आहे?" तो म्हणाला.

कोणीतरी हसले. मग नवरी मुलीनेच झगा गोळा केला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिच्यामागे सगळे वऱ्हाड तसेच भिंतीला लागले. पेटी पुढे सरकली, तिची कड नवरीच्या बाहीला घासून गेली. ती बाही त्याच शिंप्याने शिवली होती, त्याचे शेवटचे काम. बेकरीवाला म्हणतो, गल्ली संपेपर्यंत कोणी खोकलेसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी फर्निचरवाला मनोऱ्यात आला. मान वर करून पोते पाहिले.

"हे रोज?"

"रोज," थोरली म्हणाली.

त्याने दुसऱ्याच दिवशी कारखान्याला कळवले, ओता म्हणून.

माझी घंटा परत आली. पण धाकटीला टेकडीवर अजून दोराला हात लावू देत नव्हते. एवढ्या मोठ्या लग्नाचा खोळंबा केला म्हणून फादरनी तिला घरी बसवले होते. पहिल्या सकाळी थोरलीने मला धरले आणि आमचे ठोके दिले, तीन संथ, दोन घाईचे. बेकरीवाला बाहेर येऊन उभा राहिला. मला वाटले, झाले. पण तिने हात सोडले नाहीत. जरा थांबली आणि पुन्हा ओढले, सरळ, एकसारखे. मी लगेच ओळखले. ते त्याचे ठोके होते.

ओला असलो की मी कप्पीत अडकतो. त्या दिवशी मी अगदी कोरडा होतो, सबबच नव्हती. मित्रांनो, मी ते ठोके दिले. आवडले का? नाही. पण एकही चुकवला नाही. टेकडीवर तिला परत बोलावीपर्यंत रोज दिले.

त्या पहिल्या दिवशी धाकटी गल्लीतून चालत येऊन दारात उभी राहिली होती.

"तुझे ठोके फार कंटाळवाणे आहेत गं," थोरली तिला म्हणाली. "हात भरून आले."

"म्हणून तर बाबांनी मला दिले," धाकटी म्हणाली, आणि पुढे येऊन तिने सदऱ्याच्या बाहीवर, माझ्यावर, हात ठेवला.

तिचा हात तेवढा एकदाच लागला. गरम होता. तो भाग्यवान आहे, एवढे मी कबूल करतो.

तर मित्रांनो, घरात दोर असेल तर तो ओला गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. उन्हात पसरा, झटका, पीळ सैल झाला तर पुन्हा द्या. जो लोकांना दिसत नाही, फक्त ओढला जातो, त्याच्यावरही कधीतरी हात फिरवा. निदान जाताना माझ्यावर फिरवा. मखमल झाली असेल पाहून तर इकडे या.

आणि तुमच्यापैकी कोणाच्या खिशात पेन्सिल असेल, तर त्या पाटीवर 'बाजारातील' हा शब्द लिहून टाका. शिपाई दुपारी डुलक्या घेतो. 'टेकडीवरील' खोडू नका, तो शब्द राहू द्या. त्याच्यानंतर लिहिला तरी चालेल.

फक्त जरा मोठ्या अक्षरात लिहा.